क्रॅक, परवाना आणि तंत्रज्ञाचा विवेक

१९७६ सालच्या ३ फेब्रुवारीला बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. ऑल्टेअर या छोट्या संगणकासाठी त्यांच्या चमूने बेसिक ही भाषा तयार केली होती. पत्रातला त्रागा आकड्यांत मांडलेला आहे: ऑल्टेअर घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतले, आणि हाती आलेल्या रॉयल्टीचा हिशेब केला तर तासाला २ डॉलरही सुटत नाहीत. हे पत्र ज्यांना लिहिले होते ते सामान्य ग्राहक नव्हते. होमब्रू कॉम्प्युटर क्लबसारख्या मंडळांत जमणारे हे लोक स्वतः संगणक जोडत, स्वतः प्रोग्रॅम लिहीत. बेसिकची कागदी फीत एकमेकांना देताना तिच्यामागे किती रात्री जागून काढलेल्या असतात, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

म्हणून या विषयाची चर्चा 'लोकांना कळत नाही' या गृहीतकावर सुरू करता येत नाही. तंत्रज्ञाला कळते. श्रमही कळतात आणि परवानाही, निदान त्यातला मथितार्थ. तरीही तो क्रॅक मारतो, किंवा दुसऱ्याने मारलेला चालवून घेतो. मग निर्णय चुकतो कुठे? माझे म्हणणे असे की नैतिक तर्क कच्चा असल्यामुळे तो फारसा चुकत नाही. कामाच्या ठिकाणी निर्णय कोणा एकाच्या हाती राहतच नाही आणि त्यामुळे तो घेतला गेल्याचे कोणाला जाणवत नाही, तिथे तो चुकतो. बाकीचे विवेचन या विधानाच्या तपासणीसाठी आहे.

व्याप्ती

अनधिकृत नक्कल म्हटले की कीजेन, पॅच, टोरंट हे आठवते. व्यावसायिकाच्या टेबलावर प्रकरण इतके उघड क्वचित असते. दहा सीट्सचे लायसन्स असते आणि पंधरा यंत्रांवर सॉफ्टवेअर चढवलेले असते. विद्यार्थी म्हणून फुकट मिळालेली आवृत्ती नोकरी लागल्यावरही चालू राहते. घरगुती वापरापुरते मोफत असलेले एखादे साधन ऑफिसच्या लॅपटॉपवर येते. आधीच्या कंपनीत लिहिलेला कोड पेन ड्राइव्हवरून नव्या कंपनीत पोहोचतो. आणि मुक्त परवान्याखालचा कोड उचलून, त्याच्या अटी गाळून, बंद उत्पादनात घातला जातो. हा शेवटचा प्रकार नकलेच्या चर्चेत सहसा येत नाही. तो यायला हवा, कारण परवानाभंग तोच आहे, फक्त दुखावलेला पक्ष श्रीमंत नाही.

भारतीय कायद्याची भूमिका या बाबतीत बरीच विचारपूर्वक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आले. बेकायदा प्रत 'जाणूनबुजून' संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. पण पुढेच सवलत आहे: वापर नफ्यासाठी किंवा धंद्याच्या ओघात नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून कैद टाळू शकते. कलम ५२ मध्ये राखीव प्रत ठेवणे, प्रोग्रॅम कसा चालतो याचा अभ्यास करणे, कायदेशीर प्रतीवरून वैयक्तिक अव्यावसायिक वापरासाठी नक्कल करणे, हे सगळे मोकळे ठेवले आहे. म्हणजे शिकणारा आणि कमावणारा यांच्यात कायद्याने स्वतःच रेघ ओढली आहे. नीतीच्या चर्चेत मात्र ही रेघ सतत पुसली जाते. व्यावसायिक माणूस विद्यार्थ्याची बाजू मांडतो आणि निकाल स्वतःच्या पदरात पाडून घेतो.

पूर्वपक्ष

पूर्वपक्ष दुबळा उभा करून पाडण्यात अर्थ नाही. त्याचे पहिले म्हणणे असे की नकलेने मूळ वस्तू कमी होत नाही. सायकल नेली तर मालकाकडे सायकल उरत नाही. सॉफ्टवेअर नेले तर उरते. १९८५ साली डाउलिंग खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही कॉपीराइटभंगाला सरळ चोरीच्या मापाने मोजण्यास नकार दिला होता. दुसरे म्हणणे तत्त्वज्ञ हेलन निसेनबॉम यांचे. शेजाऱ्याला प्रत देणे हे नेहमीच चूक ठरत नाही, असे त्यांनी १९९५ च्या निबंधात मांडले: मदत करण्याचे आपले स्वातंत्र्य आणि निर्मात्याचा मालकी हक्क यांत दुसऱ्याचे पारडे दर वेळी जड असतेच असे नाही. तिसरे म्हणणे शिक्षणाचे. २००७ साली बुखारेस्टमध्ये रोमानियाचे अध्यक्ष बासेस्कू यांनी बिल गेट्स यांच्या समोरच सांगून टाकले की पायरसीमुळेच आमच्या तरुणांना संगणक कळला. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या संगणकांची कहाणी याहून वेगळी नाही. सी शिकताना टर्बो सी कितीजणांनी विकत घेतले होते, हा प्रश्न चाळिशी ओलांडलेल्या इंजिनिअरांच्या मेळाव्यात मी मोठ्याने विचारणार नाही.

यातले बरेचसे मान्य करायला हवे. अमेरिकी पगाराच्या हिशेबाने ठरलेली किंमत सोलापूरच्या विद्यार्थ्याला तशीच लावणे हा न्याय नव्हे, आणि त्याने उचललेली प्रत कोणाच्या ताटातला घास काढत नाही. अडचण अशी की या तिन्ही युक्तिवादांत कर्ता एकटा आहे, गरजू आहे आणि त्याच्या कृतीतून कोणी कमावत नाही. यातली एकही अट कंपनीच्या टेबलावर टिकत नाही. तिथे त्या साधनावर काढलेल्या आराखड्याचे बिल ग्राहकाला लावलेले असते. भाडे, वीज, पगार, चहा यांचा खर्च मान्य करणारा हिशेब साधनाच्या खर्चापाशी येऊन अचानक तत्त्वज्ञ होतो.

दुसरी अडचण परस्परतेची आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मुक्त सॉफ्टवेअरचा जीपीएल परवाना उभा आहे तो कॉपीराइटवरच. २००४ साली म्युनिकच्या न्यायालयात लिनक्सचे विकसक हेराल्ड वेल्टे यांनी सायटकॉम या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला, तो लिनक्सच्या फायरवॉलचा कोड अटी न पाळता राउटरमध्ये वापरल्याबद्दल. २००८ च्या डिसेंबरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर लिंक्सिस राउटरांवरून दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. या बातम्यांनी खूश होणारा प्रोग्रॅमर जेव्हा क्रॅक केलेल्या एडिटरमध्ये काम करतो, तेव्हा तो एकाच कायद्याच्या एका टोकाला लोंबकळत दुसरे टोक कापत असतो. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांचा आधारही त्याला मिळत नाही. स्टॉलमन यांच्या लेखी बंदिस्त सॉफ्टवेअरची फुकट मिळवलेली प्रत हीसुद्धा बंदिस्तच, आणि त्यांचा सल्ला ती न वापरण्याचा आहे.

नुकसान कोणाचे

परिणामांवरून नीती ठरवायची तर नुकसान मोजता आले पाहिजे, आणि इथे उद्योगाने स्वतःची बाजू स्वतःच कमकुवत केली आहे. 'बीएसए – द सॉफ्टवेअर अलायन्स' (पूर्वीची बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स) या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे २०१७ साली भारतात चढवलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना होते. जगाचे प्रमाण ३७ टक्के. टक्केवारी समजण्याजोगी आहे. पण त्या प्रतींना बाजारभाव लावून जे अब्जावधींचे आकडे निघतात, ते 'तोटा' म्हणून वाचले जातात, जणू क्रॅक न मिळता तर प्रत्येकाने पैसे मोजलेच असते. २०१० साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने असे सरकारी वापरातले अंदाज तपासले, तेव्हा काही बहुचर्चित आकड्यांचा मूळ आधारच सापडला नाही.

मोजमापाचा हा पेच अमेरिकी नौदलाच्या खटल्यात फार स्पष्ट दिसतो. बिटमॅनेजमेंट या जर्मन कंपनीचे त्रिमितीय दृश्ये दाखवणारे सॉफ्टवेअर नौदलाने सव्वाचार लाखांहून अधिक संगणकांवर चढवले. एका वेळी किती जण ते वापरतात हे मोजणारी यंत्रणा लावण्याची अट होती. ती पाळली गेली नाही. नौदल दोषी ठरले. कंपनीने प्रत्येक प्रतीची किंमत लावून जवळपास ६० कोटी डॉलर मागितले आणि २०२२ साली न्यायालयाने प्रत्यक्ष वापराचा अंदाज धरून १,५४,४०० डॉलर दिले. कृती एकच; 'किती यंत्रांवर आहे' असे विचारले तर एक उत्तर आणि 'किती जणांनी उघडले' असे विचारले तर दुसरे.

तरीही 'मोठ्या कंपनीला काय फरक पडतो' या वाक्याने प्रश्न मिटत नाही, उलट तिथूनच तो सुरू होतो. मोठ्या कंपनीला कित्येकदा फरक पडत नाही, फायदाच होतो. १९९८ साली गेट्स यांनी चीनविषयी बोलताना म्हटले होते की ते चोरणारच असतील तर आमचेच चोरावे, पुढे कधीतरी वसुलीचा मार्ग सापडेल. सवय लागली की बाजार बांधला जातो. क्रॅक केलेला फोटोशॉप फुकट मिळतो तेव्हा ॲडोबीचे एक गिऱ्हाईक कमी होते की नाही, हे सांगता येणार नाही. पण स्वस्त पर्याय बनवणाऱ्याचे गिऱ्हाईक नक्की जाते, कारण फुकटच्या उत्तम वस्तूशी स्वस्तातली बरी वस्तू स्पर्धा करू शकत नाही. फुकट मिळणाऱ्या जिम्प या चित्रसंपादकाची वाढही त्यानेच खुंटते.

मराठी मुद्रणाच्या धंद्यात हे जवळून पाहता येते. युनिकोड रुळण्याआधी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम अशा प्रणालींवर मराठी अक्षरजुळणी चाले. प्रत्येकीचे अक्षरांचे सांकेतिक क्रमांक वेगळे. लेखकाने एका फाँटमध्ये टाइप केलेली फाइल छापखान्यात उघडायची तर तोच फाँट तिथे हवा, नाहीतर पानभर अगम्य चिन्हे. साहजिकच पेजमेकरच्या फाइलबरोबर फाँटही पाठवला जाई, मग तो त्या छापखान्यातून पुढच्या डीटीपीवाल्याकडे जाई. संगणकाला जोडायचे लॉक असे, पण फाँटच्या फाइलला कुलूप कोण लावणार? यात कोणाला पाप वाटत नव्हते, काम पुढे सरकवायचे एवढेच. पण मराठी फाँटचा बाजार मराठी छापखान्यांएवढाच. मायक्रोसॉफ्टने पुण्यातला तोटा शिकागोत भरून काढला असता. देवनागरी अक्षरे आखणाऱ्याला शिकागो नव्हते. पुढे मुंबईच्या एक टाइपने मुक्त, बलू यांसारखे फाँट खुल्या परवान्याखाली दिले आणि तो पेच बराचसा सुटला. मात्र तो सुटला तो कोणाची तरी मेहनत दुसऱ्या मार्गाने भागवली गेली म्हणून, छापखान्यांना उपरती झाली म्हणून नव्हे.

निर्णयाची शकले

मानसशास्त्रात नैतिक वर्तनाचा जेम्स रेस्ट यांनी १९८६ मध्ये मांडलेला आराखडा अजून वापरात आहे. प्रसंगात नीतीचा प्रश्न आहे हे दिसणे, योग्य काय ते ठरवणे, इतर हितांपेक्षा त्याला वर ठेवणे, आणि ते तडीस नेणे असे त्याचे चार घटक. १९९१ मध्ये थॉमस जोन्स यांनी त्यात भर घातली: प्रश्नाची तीव्रताही महत्त्वाची. इजा किती, ती होण्याची शक्यता किती, किती लवकर, किती जवळच्या माणसाला, किती जणांत विभागलेली, आणि आजूबाजूचे लोक तिला इजा मानतात का. सॉफ्टवेअरच्या नकलेला ही फूटपट्टी लावली तर प्रत्येक खुणेवर माप खाली येते. बळी सातासमुद्रापार, इजा पातळ, शेजारी बसलेला सहकारी तेच करणारा. म्हणजे तंत्रज्ञ बहुधा पहिल्याच पायरीवर अडखळतो: त्याला प्रश्न दिसतच नाही.

दिसलाच तर तो विझवण्याची साधने तयार असतात. समाजशास्त्रज्ञ साइक्स आणि मात्झा यांनी १९५७ साली बालगुन्हेगारांच्या समर्थनांचे पाच प्रकार नोंदवले होते, आणि ते हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतल्या कँटीनमध्ये जसेच्या तसे ऐकू येतात. 'डेडलाइन आहे, मी काय करू', 'त्यांचे काय जाते', 'त्यांनीच किमती अवाच्या सवा ठेवल्यात', 'सगळे व्हेंडर लुटारू'. सर्वांत प्रभावी पाचवे, वरच्या निष्ठेचे: 'क्लायंटचे काम अडले होते'. हे वाक्य खोटे नसते, आणि म्हणूनच ते इतके चालते.

या विषयावरच्या पाहणी-अभ्यासांबद्दल माझी तक्रार इथे आहे. त्यांत बहुधा विद्यार्थ्यांपुढे एक काल्पनिक प्रसंग ठेवतात, 'मित्राने प्रत देऊ केली, तुम्ही घ्याल का?', आणि उत्तरांवरून वृत्ती मोजतात. ऑफिसात कोणी असा प्रश्न विचारत नाही. तिथे मॅनेजर म्हणतो, 'सोमवारपर्यंत सगळ्यांच्या मशीनवर पाहिजे'. खरेदी विभाग म्हणतो, बजेट पुढच्या तिमाहीत. आयटीतला मुलगा, ज्याने लायसन्स कधी पाहिलेले नाही, तो जुन्याच कीने इन्स्टॉल करतो. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात कोणीतरी गुपचूप काही यंत्रे साफ करतो. यात 'घेऊ की नको' असा क्षण कोणाच्या वाट्याला आला?

आपल्या परंपरेत कर्ता, करविता, प्रेरक आणि अनुमोदक या चौघांना कर्माचे समान वाटेकरी मानण्याची रीत आहे. विश्लेषणाचे साधन म्हणून हे वर्गीकरण उत्तम आहे, पण समान वाटणी मला पटत नाही. कर्त्याकडे माहिती नाही आणि अधिकारही नाही. त्याचा वाटा सर्वांत लहान. करवित्याकडे अधिकार आहे. प्रेरक, म्हणजे बजेट न देता मुदत देणारा, याच्या हाताला शाई लागत नाही, तरी घटनेचे कारण तोच. आणि अनुमोदक हा बहुधा ज्येष्ठ इंजिनिअर असतो. त्याला सगळे कळते, त्याने नकार दिला तर नोकरी जाणार नाही इतके त्याचे वजन असते, आणि तो गप्प असतो. माझ्या मते व्यवसायनीतीचा भार मुख्यतः त्याच्यावर पडायला हवा. १९९९ च्या सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या आचारसंहितेत बेकायदा किंवा अनैतिक मार्गाने मिळवलेले सॉफ्टवेअर जाणून वापरू नये असे कलम आहे. पण ते वापरणाऱ्याला उद्देशून आहे, पाहणाऱ्याला नाही.

टुमॉरोनाऊचे प्रकरण याच चौकटीत वाचावे. सॅपने २००५ साली विकत घेतलेली ही कंपनी ओरॅकलच्या ग्राहकांना स्वस्तात देखभाल सेवा देई, आणि त्यासाठी तिची माणसे ग्राहकांच्या लॉगिनने ओरॅकलच्या संकेतस्थळावरून सॉफ्टवेअर आणि दस्तऐवज उतरवून घेत. प्रत्येक लॉगिनमागे एक ग्राहक होता आणि त्याचे काम होते. २०११ मध्ये कंपनीने फौजदारी गुन्हा कबूल केला आणि २ कोटी डॉलर दंड भरला.

तिसरा माणूस

आतापर्यंत दोनच पक्ष धरले, निर्माता आणि वापरणारा. व्यावसायिकाच्या बाबतीत तिसरा असतो: ज्याच्यासाठी तो काम करतो तो. २०१५ च्या सप्टेंबरात उघड झालेले एक्सकोडघोस्ट प्रकरण मला या संपूर्ण विषयातले सर्वांत बोधक वाटते, कारण त्यात पैशांचा प्रश्नच नव्हता. एक्सकोड हे ॲपलचे साधन फुकट मिळते. चीनमध्ये ॲपलच्या सर्व्हरवरून ते उतरवायला फार वेळ लागे, म्हणून अनेक विकसकांनी स्थानिक फाइल-साठ्यांवरची प्रत घेतली. त्या प्रतीत फेरफार होता. तिच्यातून तयार झालेल्या ॲप्समध्ये घातक कोड आपोआप मिसळला आणि ती ॲप स्टोअरवर पोहोचली. वीचॅटची एक आवृत्तीही त्यांत होती. विकसकांनी कोणाचे पैसे बुडवले नव्हते. वस्तू कुठून आली हे विचारण्याची सवय तेवढी सुटली होती, आणि किंमत मोजली ती ॲप वापरणाऱ्यांनी. क्रॅकच्या बाबतीत तर ज्याने प्रत फोडली त्याच्या हेतूबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नसते. स्वतःच्या यंत्रापुरता हा धोका पत्करणे वेगळे, रुग्णालयाची किंवा पतपेढीची प्रणाली बांधताना पत्करणे वेगळे.

परवान्याची बाजू

एवढे सगळे तंत्रज्ञाच्या माथी मारल्यावर परवाने लिहिणाऱ्यांकडेही पाहायला हवे. एकेकाळी बोरलँडचा परवाना सांगे की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा: कितीही जणांनी, कितीही यंत्रांवर, फक्त एका वेळी दोन ठिकाणी नको. हे कोणालाही कळते, आणि कळते म्हणून पाळावेसे वाटते. याउलट २०२३ च्या जानेवारीपासून ओरॅकलने जावाचे शुल्क कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर लावले, जावा वापरणारे त्यांत किती हा प्रश्नच नाही. डॉकर डेस्कटॉप फुकट होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नियम आला की कंपनीच्या वापरात २५० हून कमी कर्मचारी आणि १ कोटी डॉलरहून कमी उलाढाल असेल तरच ते तसे राहील. आदल्या दिवशी निर्दोष असलेला इंजिनिअर सवलतीची मुदत संपताच यंत्राला हात न लावता परवानाभंगात जाऊन बसला. अशा ठिकाणी 'जाणूनबुजून' ही कायद्यातली अट नीतीतही पाळली पाहिजे. मोठ्या कंपनीने हे तपासण्यासाठी माणूस नेमावा. हे न तपासल्याचा दोष कळ दाबणाऱ्या बोटावर टाकू नये. अमेरिकेतल्या एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ ची संहिता लिहिताना परवान्यांचा आदर करायला सांगितले, आणि सोबतच संगणक व्यावसायिकांनी आपल्या निर्मितीच्या वाजवी वापराला विनाकारण विरोध करू नये असेही नोंदवले. हे दुसरे वाक्य व्हेंडरांच्या वकिलांनी वाचायला हवे.

राहतो तक्रारीचा प्रश्न, आणि त्यावर माझे मत पूर्ण बसलेले नाही. बीएसए कर्मचाऱ्यांकडून गुप्त माहिती मागवते आणि त्यासाठी बक्षिसेही देत आली आहे. माहिती देणारा पुष्कळदा नोकरी सोडलेला किंवा काढलेला असतो, आणि कधी कधी ते सॉफ्टवेअर त्यानेच चढवलेले असते. त्याच्या हेतूत सूड असला म्हणून माहिती खोटी ठरत नाही, आणि खरी ठरली म्हणून तो नीतिमान ठरत नाही. मी अशा वेळी एवढेच विचारीन की नोकरीत असताना त्याने कोणाला लेखी कळवले होते का, 'आपल्याकडे दहाच सीट्स आहेत' एवढी एक ओळ का होईना. तशी मेल असेल तर अनुमोदकांच्या रांगेतून तो त्याच दिवशी बाहेर पडला होता. नसेल, तर बक्षिसाचा धनादेश आणि जुन्या कंपनीला आलेली नोटीस एकाच कृत्याच्या दोन पावत्या आहेत.